माथ्यावरची माती

घाटकोपरच्या डोंगरावर मार्तंड सगरची खोली आहे. तिचं दार रात्री लागत नाही. कमरेखालचं अंग उंबऱ्याच्या आत आणि छाती-मुंडकं बाहेर गल्लीत, असा तो झोपतो. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय कधी केसाला लागतो, कधी कुत्रं येऊन तोंड हुंगतं. पावसाळ्यात गल्लीवर ताडपत्री ताणतो. ताडपत्री पडली तर माणूस मरत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बायकोनं लग्नानंतर पहिली काही वर्षं भांडून बघितलं. मग आत भिंतीकडं तोंड करून झोपायला शिकली.

धंदा मात्र गड्याचा असा, की दिवसभर लोकांच्या डोक्यावर वजन चढवायचं. इमारतीची गच्ची गळायला लागली की त्याला बोलावतात. स्लॅबवर विटांचे तुकडे दाटीनं मांडायचे, फटींत सिमेंटचं पाणी मुरवायचं, वरनं उतार देऊन घोटून काढायचं. ह्याला मुंबईत कोबा म्हणतात. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत मार्तंडनं किती गच्च्या घोटल्या त्याचा हिशेब त्यालाही नाही. हात साफ. त्याच्या कोब्यावर पाणी ओतलं की ते वाट विचारत नाही, सरळ पन्हाळाला जातं.

हे तो मुंबईत शिकला नाही. शिकूनच आला होता.

गाव तेरणेच्या काठचं, लातूर जिल्ह्यातलं. तिकडं घरं माळवदाची. दगड-मातीच्या भिंती एवढ्या रुंद की कोनाड्यात पोरगं निजावं. वर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती. ही माती रानातली काळी नव्हे. गावाच्या कडेच्या टेकाडावरची पांढरी, पाणी न पिणारी. दरसाल मिरगाच्या आधी घरातली सगळी माणसं टोपली घेऊन माळवदावर चढायची आणि नव्या मातीचा थर द्यायची. आजोबानं दिलेला थर काढायचा नाही, त्याच्यावर बापाचा, बापाच्या थरावर पोराचा. जुनी माती काढून टाकतो म्हटलं असतं तर लोकांनी येड्यात काढलं असतं. जितकी माती जाड तितकं घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. जाड माळवदाच्या घरात पोरगी द्यायला लोक नाही म्हणत नसत.

टोपलं आधी कडेला ओतायचं, भिंतीच्या माथ्यावर. मधे ओतलं की तुळई वाकते; कडेला भिंत असते, ती पाहिजे तेवढं झेलते. मग कडेनं मधे ओढत न्यायचं आणि धुमसानं चोपायचं. हे मार्तंडला कुणी शिकवलं असं नाही. चालायला लागल्यापासून तो बघत होता. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तो चौदा वर्षांचा होता आणि त्या साली घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त टोपली त्यानं वाहिली. बाप सगळ्यांना सांगत फिरला, पोरगं हाताला आलं मनून.

आदल्या सालापासून जमीन अधूनमधून गुरगुरत होती. फळीवरची भांडी वाजायची. लोक काही दिवस रानात झोपले, मग थंडी पडली, परत घरात आले. किती दिवस उघड्यावर राहणार माणूस? पुढं भांडी वाजली तरी बाया पीठ मळायचं थांबेनात.

गणपती बोळवले त्या रात्री पोरं उशिरापर्यंत नाचली. मार्तंड घरी गेलाच नाही, मारुतीच्या पारावर कलंडला. पहाटे जमिनीनं आधी खालनं गुद्दा मारला आणि मग आडवं घुसळलं. त्याला उठून बसायला लागला तेवढाच काय तो वेळ. बसला तेव्हा गाव नव्हतं, धुरळा होता. रानातली ज्वारी उभीच्या उभी होती. गोठ्यात, छपरात, पत्र्याखाली निजलेली माणसं अंग झाडत बाहेर आली. माळवदाखालची आली नाहीत. आई, बाप, दोन बहिणी ह्यांना त्यानं दिवस मावळेपर्यंत हातानं उकरून काढलं. कुणाच्याही अंगावर म्हणावी तशी जखम नव्हती. तोंडात, नाकात, घशात पांढरी माती गच्च भरलेली होती, चोपल्यासारखी. लाकडं पुरेनात तेव्हा माळवदाच्या तुळयाच चितेला लावल्या.

पुढं चुलता घाटकोपरला घेऊन आला. काय येतं रे तुला, म्हणून मुकादमानं विचारलं. मार्तंड म्हणाला, माळवद चोपायला येतं. मुकादम हसला आणि त्याला गच्चीवर पाठवून दिलं.

असं सगळं आयुष्य गेलं. पोरगी झाली, सपना. शिकली, बोरिवलीत एका सोसायटीत सून म्हणून गेली. जावई यज्ञेश कुरिअरच्या ऑफिसात. पोरगा अनय, अजून बोबडा. नवप्रभा सोसायटी, चार माळ्यांची, जुनी, खाली खांबांवर मोकळं पार्किंग आणि सपनाचं घर शेवटच्या माळ्यावर. मार्तंड तिकडं जायचा तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून चहा प्यायचा.

"बाबा, आत या ना. शेजारी काय म्हणत असतील?"

"इथं वारं चांगलं हाय."

"वारं! लग्नात मांडवाखाली पण आला नाहीत. कन्यादानाला मामाला बसवलं. लोक विचारत होते, मुलीचा बाप गेला काय."

समोरच्या दारात ॲग्नेसबाई असायच्या. मूळच्या तिथल्याच गावठाणातल्या. भावांनी जुनं घर विकलं तेव्हा ह्या सोसायटीत आल्या. आयुष्यभर मराठी शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही. त्या पायरीवरच्या ह्या माणसाला बशीत बिस्किटं आणून द्यायच्या आणि बोलत उभ्या राहायच्या.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असाच तो बसला होता आणि जिना हलला. नीट हलला असंही नाही. एखादा जड ट्रक खालनं गेला असं वाटावं, एवढंच. सपनाला कळलंसुद्धा नाही. मार्तंड मात्र कप टाकून चार माळे उतरून खाली अंगणात उभा होता. परत वर आला तेव्हा बाई दारातच होत्या.

"पालघरकडे झाला असेल. तिकडं बरीच वर्षं जमिनीखाली कुरकुर चालू हाय," त्या म्हणाल्या. "घाबरलास?"

"भ्यालो नाही ओ बाई. पाय आपोआप गेले."

"ये, आत ये. नाय येणार? बरं, ओट्याजवळच्या खिडकीशी उभा राहा."

त्यांचा ओटा जुन्या बाल्कनीत होता. बऱ्याच घरांत असतो तसा, बाल्कनी बंद करून स्वयंपाकघर वाढवलेलं. जिन्याची जाळीदार खिडकी त्याला लागून. गॅसवर दूध तापून साय धरलेली होती. बाईंनी चमचा उचलला.

"ही साय म्हंजे आपण उभे हाव ती जमीन. सगळीकडं एकसंध नाय, तुकडे झालेले. खाली उष्णता. आता खालचं दुधासारखं पातळ नाय हां, खडकच हाय. पण इतका तापलेला की लाखो वर्षांत वाकतो, सरकतो, आणि वरच्या तुकड्यांना घेऊन जातो. हा तुकडा भारताचा." त्यांनी चमच्यानं साय पलीकडं ढकलली. ती पातेल्याच्या कडेला अडली आणि तिला सुरकुत्या पडल्या. "कड म्हंजे आशिया. ह्या सुरकुत्या म्हंजे हिमालय."

"आन् अजून ढकलतंय?"

"अजून. वर्षाला चार-पाच सेंटिमीटर. माझ्या बोटाएवढं पण नाय."

"टक्कर तिकडं. मग आमची माणसं का मेली? आमच्यापून हिमालय कुठं?"

शाळेत हा प्रश्न पोरांनी कधी विचारला नव्हता. बाईंनी चमचा ओट्यावर ठेवला.

"जेवणाच्या पंगतीला माणसं दारात दाटतात. पुढचा अडला की मागं बरगड्या कुणाच्या दबतात? मधल्याच्या. तसा ताण सगळ्या तुकड्यात पसरतो. जमिनीखाली कुठं जुनी चीर असली की तिथं साठत जातो. खडक सोसतो, सोसतो आणि एक दिवस चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरनं घसरतात. मग लाटा निघतात. पहिली पळत येते, ती गुद्दा मारते. दुसरी मागनं येते, आडवं हलवते. घरं पाडते ती दुसरी."

"होय. तसंच झालं." मग त्यानं विचारलं, "इथं होईल?"

"कधी होईल ते जगात कुणाला सांगता येत नाय. सांगणारा भेटला तर त्याला हाकलून दे. भूकंपाच्या नकाशात मुंबई मधल्या रंगात हाय, बाबा. म्हंजे होऊ शकतो."

"आमचं गाव कुठल्या रंगात होतं?"

"सगळ्यात सुरक्षित."

मार्तंड हसला. ते हसू बाईंना बघवलं नाही. त्यांनी गॅस बंद केला.

"एक सांग," तो म्हणाला, "वरती वजन जास्ती असलं तर?"

"डोक्यावर भरला हंडा घेऊन नाचून बघ. रिकामा घेऊन बघ. कळेल."

आणि त्याच महिन्यात नवप्रभाची गच्ची गळायला लागली. सपनाच्या बेडरूमच्या भिंतीवर बुरशी चढली, अनयची छाती रात्रंदिवस घरघरायला लागली. सोसायटीनं मार्तंडलाच बोलावलं, घरचा माणूस म्हणून. तो वर गेला, एका कोपऱ्यात छिन्नीनं भोक पाडून बघितलं. कोब्याखाली कोबा होता. त्याच्याखाली अजून एक. त्याच्याखाली फरशीचे तुकडे बसवलेला चौथा. दर गळतीला जुना तसाच ठेवून वर नवा घातलेला. भोकाच्या कडेला बापाचा थर, आजोबाचा थर दिसावा तसे रंग दिसत होते. आणि सगळ्यात तळाच्या स्लॅबची सळई गंजून फुगलेली.

सेक्रेटरी शरच्चंद्र दामले बँकेतनं निवृत्त झालेले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अरे, रिडेव्हलपमेंट दोन-तीन वर्षांत येणारच आहे. बिल्डरशी बोलणी चालू आहेत. पडणाऱ्या बिल्डिंगला कशाला दागिने घालायचे? वर एक थर टाक, विषय संपव."

"आधीचे काढा, मग टाका. नुस्तं टाकायचं नाही."

"आणि काढताना हातोडे पडून खालच्याचं प्लास्टर पडलं तर? चार माळ्यांना उत्तर मी देऊ? तू नाही केलंस तर दशरथ करेल, तो तुझ्याच हाताखाली शिकलाय ना?"

हेही खोटं नव्हतं. दशरथ एका दिवसात पाचवा थर टाकून मोकळा झाला असता.

मार्तंड सपनाकडं गेला. पहिल्यांदाच आत गेला, छताकडं बघत. "तू इथनं निघ. पोराला घेऊन घाटकोपरला ये."

"आणि हे घर? एकदा सोडलं की रिडेव्हलपमेंटला आपल्याला कोण विचारणार? यज्ञेशच्या आईवडिलांनी जन्म घालवला ह्यात."

"डोक्यावर किती वजन हाय ते मी बगितलंय, सपना."

"बाबा, बास झालं ना! पोराला श्वास घेता येत नाही. मला गळती थांबवून पाहिजे. तुमची किल्लारी घेऊन बसू नका माझ्या घरात."

तो उतरला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला होकार कळवला. काय करायचं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

दामले पुण्याला लग्नाला गेले त्या दिवशी त्यानं काम धरलं. दोन गडी घेतले, सोबत मोठे हातोडे आणि पहारी. सपनाच्या घरावरचा तुकडा खडूनं आखला आणि फोडायला सुरुवात केली. लोकांना वाटलं कामाचाच भाग असेल. मार्तंड स्वतः फोडत होता. गडी सांगतात, म्हातारपणाकडं झुकलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा हातोडा थांबला नाही. ढेकळं निघत होती. ती दोरीनं खाली सोडायची तर अंगणातल्या गाड्या हलवायला पाहिजेत. वॉचमन म्हणाला, साहेब आल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही.

"उद्या सोडू," मार्तंड म्हणाला. "कडेला टाका. मधे टाकू नका रे, कडेला, पलीकडच्या कठड्याला लावून."

गड्यांनी घमेली भरभरून कडेला रचली. दुपारपर्यंत कठड्याच्या उंचीचा ढीग झाला.

ॲग्नेसबाई कानात कापूस घालून वर आल्या. "डोकं फुटतंय रे माझं. थर काढतोस होय? शरच्चंद्रांना ठाऊक हाय?"

"नाही."

"हा कुणाच्या डोक्यावरचा?"

"सपनाच्या."

"आणि माझ्या?"

"उद्या, बाई."

"विसरू नको हां," त्या म्हणाल्या आणि खाली चहा टाकायला गेल्या.

जन्मभर मुंबईत गच्च्या घोटलेल्या माणसाला बाल्कनी कळत नव्हती असं नाही. एरवी त्यानं दहादा खाली वाकून बघितलं असतं, कठड्याखाली काय आहे म्हणून. पण एरवी तो टाकत असे, काढत नसे. माती काढायची म्हटल्यावर हात थेट गावी गेले, आणि गावात कडेला भिंत होती. इथं कडेला भिंत नव्हती. पुढं आलेला, नुसता एका बाजूनं धरलेला छज्जा होता, गंजलेल्या सळयांवर टांगलेला, आणि त्याच्याखाली एक ओटा.

आवाज फार मोठा झाला नाही. गोणी आपटल्यासारखा. मार्तंडनं मागं बघितलं तर ढीग नव्हता, कठडा नव्हता, कडेला उजेड होता.

तो जिना उतरला तेव्हा बाईंच्या दारातनं धुरळा येत होता. ज्या घरात तो चहालाही कधी शिरला नव्हता त्यात घुसला. स्वयंपाकघराच्या जागी विटांचे तुकडे, कोब्याची ढेकळं, मधे वाकड्या सळया. कुणीतरी किंचाळत होतं, कदाचित सपना. "गप!" तो ओरडला. "सगळे गप!" सगळे गप झाले तेव्हा त्याला खालनं कण्हणं ऐकू आलं. पहार लावली नाही. पहार आत माणसाला लागते. हातानं काढत गेला. आधी तोंड सापडलं. त्यानं बोट घालून आतली माती काढली, नाकातली काढली, आणि बाईंनी श्वास ओढला. मग छाती मोकळी केली, मग कंबर. डावा पाय सळयांखाली होता. तो पाय आहे असं म्हणवत नव्हतं.

पाय इस्पितळात गुडघ्याच्या वर कापावा लागला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं सगळं सरळ सांगितलं. कुणी सांगितलं होतं थर काढायला? कुणी नाही. ढीग कुणी रचायला लावला? मी. गड्यांची नावं घेतली नाहीत. पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, मग रोज हजेरी लावायच्या बोलीवर सोडलं. केस चालायची ती चालेल.

सुटल्यावर तो इस्पितळात गेला. ॲग्नेसबाईंची वसईची भाची खाटेजवळ होती. त्याला बघून ती उठून उभी राहिली, हाकलायला. बाईंनी हातानं तिला थांबवलं.

"तुमच्याकडं कडेला भिंत असते, नाय?"

मार्तंडनं मान हलवली.

"मना विचारायचं होतंस. मी वर आले होते तेव्हा. मी सांगितलं असतं, इथं खाली माझा ओटा हाय." बोलता बोलता त्यांना दम लागला. "तुला सगळ्या जगाच्या पोटातलं सांगितलं रे मी. एवढं तरी विचारायचं होतंस."

माफी मागितली असती तर बाईंना ती ऐकून घ्यावी लागली असती. त्यानं पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि निघाला.

महापालिकेची माणसं नवप्रभात आली. त्यांनी गच्ची बघितली, खांबांवर ठोकून बघितलं, सळया बघितल्या. इमारत धोकादायक ठरली, आठवड्याच्या आत रिकामी करायची. वीज तोडली. लोक मार्तंडला शिव्या घालत होते, दामल्यांना घालत होते, एकमेकांना घालत होते. बिल्डर फोन उचलेना.

शेवटच्या दिवशी मार्तंड फाटकापाशी उभा राहिला. आत जायची त्याला मनाई होती. टेम्पोत कपाट, गॅस, पाळणा चढत होता. सपना गादीची वळकटी घेऊन आली, कडेवर पोरगं. गादी एका हातानं उचलेना. तिनं बापाकडं बघितलं आणि अनयला त्याच्या हातात दिलं. पोरगं खोकलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर आतली घरघर तळहाताला लागत होती.

गादी चढली. सपनानं पोरगं परत घेतलं.

"झालं ना तुमच्या मनासारखं? नाही राहिले मी त्या छताखाली."

"ॲग्नेसबाईंचं..."

"त्यांचं नाव नका घेऊ. तुम्ही तर नकाच घेऊ."

यज्ञेश पुढं बसला होता, त्यानं हॉर्न वाजवला. सपना चढली, पोराला मांडीवर घेतलं.

"कुठं घेतलंय?" मार्तंडनं विचारलं.

"मीरा रोडला. यज्ञेशच्या मित्राचा फ्लॅट आहे, सध्यापुरता."

"कितव्या माळ्यावर?"

सपनानं त्याच्याकडं बघितलं. "अकराव्या," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.